लेकराची गोळी त्रैराशिकानं ठरत नाही

आज ग्रामपंचायत, पाणंद रस्ते, पीकविमा सगळं बाजूला ठेवतो. पोस्ट लांब आहे. पण ज्यांच्या घरात एडीएचडीचं, म्हणजे अतिचंचलतेचं आणि लक्ष न लागण्याचं निदान झालेलं लेकरू आहे, त्यांनी शेवटपर्यंत वाचावी. बाकीच्यांनीही वाचली तर बरंच.

मागच्या आठवड्यात उंद्रीत एका ओळखीच्या घरी बसलो होतो. त्यांच्या आठ वर्षांच्या नातवाला हे निदान झालंय. औषध सुरू करायला डॉक्टरांनी परत बोलावलं होतं, पण सोयाबीनच्या घाईत जाणं झालं नाही. नात्यातला एक मोठा पोरगा याच आजारावर गोळी घेतो. आजोबांनी हिशोब तयारच ठेवला होता.

"त्या पोराचं वजन चाळीस किलो, त्याले दहाची गोळी. आमचं वीस किलोचं, मंग अर्धी द्यायची. यात डॉक्टरले काय इचारायचं भाऊ?"

हिशोब बरोबर होता. शाळेत पैकीच्या पैकी मार्क मिळाले असते. पण लेकरू म्हणजे फवारणीचा पंप नाही, की पंधरा लिटरला एवढं तर साडेसात लिटरला तेवढं.

मी डॉक्टर नाही, पत्रकार आहे. पण या विषयात मी बाप म्हणून दोन वर्षं काढलीत. माझ्या मुलाला हेच निदान झालं तेव्हा तो तेवीस किलोचा होता. (त्याला विचारूनच लिहितोय.) तेव्हा मीही हाच प्रश्न विचारला होता, "वजनाप्रमाणे किती बसेल?" डॉक्टर म्हणाले, "वजन मी लिहून घेतलंय, पण उत्तर वजन देणार नाही. उत्तर तुमचा मुलगा देईल."

सुरुवात पाच मिलिग्रॅमपासून झाली, सकाळी आणि दुपारी. काहीच फरक नाही. आठवड्यानं दहा केली. वर्गात बसायला लागला, वही पूर्ण व्हायला लागली. आणखी आठवड्यानं पंधरा करून बघितली, तर पोरगं दगडासारखं गप्प झालं. खेळेना, हसेना. शाळेतले सर म्हणाले, "आता शांत आहे." त्याची आई म्हणाली, "हा माझा पोरगा नाही." डॉक्टरांनी परत दहावर आणली. आज माझ्या मावसभावाचा शेहेचाळीस किलोचा मुलगाही तेवढाच डोस घेतो. वजन दुप्पट, गोळी तीच. सांगा, कोणतं त्रैराशिक लावायचं?

आता असं का होतं ते साध्या भाषेत सांगतो.

आपल्याकडे या आजारावर जास्त करून जे उत्तेजक औषध मिळतं ते मिथाइलफेनिडेट. औषध नवं नाही, १९४४ साली स्वित्झर्लंडमध्ये पहिल्यांदा तयार झालं. पोटात गेल्यावर यकृतातलं एक विकर त्याचे तुकडे करून ते निकामी करतं. प्रत्येकाच्या अंगात या विकराचा जोर सारखा नसतो, आणि तो जोर वजनकाट्यावर दिसत नाही. एकाच्या रक्तात त्याच गोळीची पातळी जास्त चढते, दुसऱ्याच्या कमी. मेंदू त्याला किती दाद देतो, हे आणखी वेगळं. म्हणून साध्या गोळीची पद्धत अशी, की लहान डोसनं सुरू करायचं, आठवड्या-आठवड्यानं पाच-दहा मिलिग्रॅम वाढवायचं, आणि दिवसाला ६० मिलिग्रॅमच्या वर सहसा जायचं नाही. वजनाला अर्थ नाही असं मी म्हणत नाही. बारीक लेकराच्या बाबतीत डॉक्टर जास्त जपून चालतात. पण वजन फक्त 'हळू चला'ची पाटी दाखवतं, मुक्काम सांगत नाही.

आपला गोंधळ होतो तो तापाच्या औषधामुळे. पॅरासिटामॉल किलोमागे मोजून देतात, तेव्हा आपल्याला वाटतं सगळी औषधं तशीच. याच आजारावरचं ॲटोमॉक्सेटीन नावाचं दुसरं औषध आहे. ते उत्तेजक नाही आणि लेकरांना खरोखर वजनावर देतात. सुरुवात किलोमागे अर्धा मिलिग्रॅम, पुढे साधारण १.२ पर्यंत. पण तिथंही वजन पुरत नाही. काही माणसांच्या यकृतात ते पचवणारं विकर जन्मतःच कमजोर असतं. इतरांच्या अंगातून हे औषध पाचेक तासांत निम्मं होतं, तर यांच्या अंगात त्यालाच वीस तासांवर लागतात. वजन सारखं, कॅप्सूल सारखी, आणि एकाच्या रक्तात कितीतरी पट जास्त औषध. नैराश्यावरच्या काही गोळ्या सोबत चालू असल्या तरी असंच होतं. हे आजोबांना कसं कळणार? मला तरी कसं कळणार?

मग वजनकाटा कशाला? गोळीनं लेकराचं काय केलं, ते बघायला!

या औषधानं भूक मरते. ज्या वेळी गोळीचा जोर असतो, नेमकी त्याच वेळी शाळेत खिचडी वाटतात. माझ्या मुलाचं ताट रोज भरलेलं परत जायचं. पहिल्या तीन महिन्यांत तो दीड किलोनं उतरला. मग गोळीच्या आधी पोटभर भाकरी-दूध आणि संध्याकाळी भूक परतली की नीट जेवण, असं बसवलं तेव्हा वजन सावरलं. म्हणून वजन, उंची, नाडी आणि बीपी ठरावीक दिवसांनी मोजावंच लागतं. आपल्या भागात आधीच हाडकुळी असलेली लेकरं थोडी नाहीत. त्यांच्या घरात कोणी अंदाजपंचे गोळी सुरू केली आणि सहा महिने काट्यावर उभंच केलं नाही, तर काय होईल याचा विचार करा.

इथपर्यंत मी आजोबांना बोललो. पण खरा राग आजोबांवर नाही. माझा राग व्यवस्थेवर आहे.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ साली सुरू झाला. त्याच्या तपासणीच्या यादीत एडीएचडी आहे. हो, नाव घेऊन आहे! पण पथक शाळेत येणार वर्षातून एकदा, आणि औषधाचा डोस बघावा लागतो आठवड्याला. वर्षातून एकदा आजार शोधायचा आणि मग आईबापाला वाऱ्यावर सोडायचं, याला कार्यक्रम म्हणायचं का?

पुढचं ऐका. मिथाइलफेनिडेट शेड्यूल एक्समध्ये येतं. दुकानदाराला वेगळा परवाना लागतो, चिठ्ठी दोन प्रतींत लागते, एक प्रत त्यानं दोन वर्षं जपायची. या औषधाची नशेखोरी होऊ शकते, म्हणून कुलूप पाहिजेच, माझी हरकत नाही. पण मार्च २०२० च्या टेलिमेडिसिन नियमांनुसार ते फोनवरून किंवा व्हिडिओवरून लिहूनही देता येत नाही. म्हणजे उंद्रीच्या बापानं लेकरू घेऊन चिखली, जालना करत संभाजीनगर गाठायचं. एक दिवसाची मजुरी, दोघांचं तिकीट, शाळा बुडाली ती वेगळीच. आणि हे दर आठवड्याला? ते जमत नाही, म्हणून नातेवाइकाची गोळी ब्लेडनं कापली जाते. कुलूप लावलं सरकारनं, किल्ली ठेवली दीडशे किलोमीटरवर, आणि वरून म्हणायचं लोक अडाणी आहेत!

काही जण कमेंटमध्ये लिहितीलच, "आमच्या काळी असलं काही नव्हतं, दोन रट्टे दिले की पोरं सरळ व्हायची." भाऊ, आपल्या काळीही ही पोरं होती. चौथी-पाचवीत शाळा सोडून ढोरांमागे गेली, ती त्यातलीच किती असतील हे कोणी मोजलं?

माझ्या मागण्या तीनच आहेत, आणि त्यांना इमारत लागत नाही की उद्घाटन.

एक, जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमातून महिन्यातला एक ठरलेला दिवस तालुक्याच्या ठिकाणी लेकरांसाठी मानसोपचारतज्ज्ञ बसवा. तारीख आधी जाहीर करा.

दोन, औषध चालू असलेल्या प्रत्येक लेकराचं वजन, उंची, नाडी, बीपी जवळच्या आरोग्य केंद्रात महिन्याला मोजून कार्डावर लिहा. काटा आहे, बीपीचं मशीन आहे, सिस्टर आहेत. फोनवरून गोळी लिहिता येत नसेल, पण आकडे तर कळवता येतात ना?

तीन, परवाना असलेलं आणि हे औषध ठेवणारं निदान एक दुकान प्रत्येक तालुक्यात असेल हे बघा.

आणि आईबापांना हात जोडून विनंती. दुसऱ्याच्या लेकराची गोळी आपल्या लेकराला देऊ नका, अर्धीही नाही, पावही नाही. ते कायद्यालाही मान्य नाही. दिवसभर चालणारी गोळी तर तोडायची किंवा कुटायचीच नसते, तोडली की सगळा डोस एकदम सुटू शकतो. डॉक्टरकडे जाताना वही न्या. गोळी किती वाजता दिली, जेवलं किती, झोपलं कधी, सर काय म्हणाले, सगळं लिहा. डोस त्या वहीवरून ठरतो.

आजोबांनी ती गोळी दिली नाही. परवा नातवाला घेऊन गेले. संध्याकाळी फोन आला, "पाचपासून सुरू केली भाऊ. पण पुढच्या आठवड्यात परत बोलावलं, आता कसं करू?"

या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे नाही. ज्यांच्याकडे असायला पाहिजे, त्यांच्यापर्यंत ही पोस्ट पोहोचवा.