अपलोडची वाट अरुंदच

मोबाइल कंपन्यांच्या जाहिरातींत वेग म्हणजे डाऊनलोडचा वेग. ‘लातूर पॅटर्न’चा तास किनवटच्या विद्यार्थ्याने मोबाइलवर पाहण्यास तो पुरेसा असेलही, पण सोडविलेली उत्तरपत्रिका त्याने परत लातूरला पाठवायची, तर उलट दिशेची वाट किती रुंद आहे, हा प्रश्न उरतोच.

मोबाइल आणि टॉवर यांच्यातील दुतर्फा संवाद दोन पद्धतींनी साधला जातो. एफडीडी पद्धतीत जाण्यासाठी एक आणि येण्यासाठी दुसरी फ्रिक्वेन्सी राखलेली असते. टीडीडी पद्धतीत एकच फ्रिक्वेन्सी वेळेचे तुकडे पाडून आलटून-पालटून वापरली जाते, एकेरी पुलावरील वाहतुकीसारखी. २०१० च्या लिलावातील २३०० मेगाहर्ट्झचा पट्टा या दुसऱ्या पद्धतीचा होता. २०२२ मध्ये विकला गेलेला, फाइव्ह-जीचा मुख्य आधार असलेला ३३०० मेगाहर्ट्झचा पट्टाही तसाच. पुलावरचा बहुतांश वेळ डाऊनलोडला मिळतो. ग्राहकांची मागणीच तशी असल्याने त्यात गैर काही नाही.

अडचण अंतराची आहे. मोबाइल जेमतेम पाव वॅटच्या आसपास शक्तीने बोलतो, टॉवर त्याच्या कितीतरी पट. त्यातच उंच फ्रिक्वेन्सी भिंती, झाडी, चढउतार यांपुढे लवकर थकते. नांदेड शहरात हे फारसे जाणवणार नाही. मात्र किनवट-माहूरच्या डोंगराळ पट्ट्यात टॉवरचे मोबाइलला ऐकू यावे आणि मोबाइलचे टॉवरला ऐकू जाऊ नये, असे घडू शकते.

यावर उपाय आहे तो अनेक वाहक लहरी एकत्र जोडण्याचा, म्हणजेच कॅरिअर अ‍ॅग्रिगेशनचा. ७०० किंवा ९०० मेगाहर्ट्झच्या एफडीडी पट्ट्यावरून अपलोड करावे, ३३०० वरून डाऊनलोड. ७०० चा पट्टा जिओने २०२२ च्या लिलावात सर्व सर्कलमध्ये घेतला. पण पट्टा हाती असून भागत नाही. गावाजवळच्या टॉवरवर दोन्ही यंत्रणा लागतात आणि ग्राहकाच्या हातातील स्वस्त मोबाइलला ती जोडणी पेलावी लागते. उदगीर-देगलूरकडे आणखी एक गुंता आहे. तेथे पलीकडे कर्नाटक आणि तेलंगण, म्हणजे वेगळी सर्कल. टीडीडीचे टॉवर एकाच घड्याळावर चालले नाहीत, तर एकाचे बोलणे दुसऱ्याचे ऐकणे बुडविते, आणि लहरींना सीमा कळत नाही.

‘ट्राय’च्या २०२४ च्या नियमांनुसार कंपन्यांना सेवाव्याप्तीचे नकाशे संकेतस्थळावर द्यावे लागतात. टॉवरचा सिग्नल कोठवर पोहोचतो, हे त्यांवरून समजते. गावातला सिग्नल टॉवरपर्यंत पोहोचतो की नाही, हे समजत नाही.