शिक्का घासू नका

गंजलेला चाकू पाहून मला कधी वाईट वाटत नाही. चकचकीत केलेला जुना चाकू पाहिला की मात्र जीव जळतो. या आठवड्यात तो असा जळला.

आमच्या आळीतल्या एका तरुणाच्या घराचा पुनर्विकास ठरलाय. माळे रिकामे होताहेत, ट्रंका उघडताहेत. पनवेलात सध्या घरोघरी हेच चाललंय. पणजोबांच्या पेटीत त्याला घडीचा चाकू सापडला, दोन पात्यांचा, शिंगाच्या मुठीचा. "काका, तुम्हाला दाखवायचा म्हणून मुद्दाम पॉलिश करून आणला," असं म्हणत त्याने मोठ्या हौसेने तो माझ्या हातात दिला. मी खाचेत नख घालून मोठं पातं उघडलं. स्प्रिंगचा 'टक्' आवाज अजून खणखणीत होता. पण पात्याच्या बुडाशी, जिथे कारखान्याचं नाव ठोकलेलं असतं, तिथे नुसता आरसा. पॉलिशवाल्याने पातं चाकावर धरलं आणि गंजाबरोबर नावही उडवलं. तिरप्या उजेडात एका चांदणीचे दोन कोन तेवढे दिसत होते. मुलाला काय बोलणार? त्याने प्रेमानेच केलं होतं.

रविवारी सकाळी मी कुठे असतो हे या सदराच्या वाचकांना सांगायला नको. पुण्याचा जुना बाजार, मुंबईचा चोरबाजार किंवा आपल्या कळंबोलीकडची भंगाराची दुकानं. तिथेही हल्ली हेच दिसतं. विक्रेता आधी वस्तू घासतो, मग मांडतो, कारण गिऱ्हाईक चमक पाहून हात घालतं. पितळी समई घासा, ती घासण्यासाठीच आहे. चाकूचं तसं नाही.

तो ओळखायची रीत सोपी आहे. पातं अर्धं उघडायचं, भिंग घ्यायचं आणि बुडाशी काय ठोकलंय ते वाचायचं. चांदणी आणि शेजारी माल्टीज क्रॉस असेल तर इंग्लंडमधल्या शेफील्डचे जोसेफ रॉजर्स अँड सन्स. 'आय', मग चांदणी, मग 'एक्सएल' असेल तर त्याच गावचे जॉर्ज वॉस्टनहोम. रॉजर्सना १८२२ साली राजघराण्याचे चाकूवाले म्हणून मान मिळाला आणि पात्यांवर मुकुटासह राजाची आद्याक्षरं आली. 'व्ही आर' म्हणजे व्हिक्टोरिया राणी, १८३७ ते १९०१. 'ई आर' बहुधा सातवा एडवर्ड, १९०१ ते १९१०. नुसतं 'शेफील्ड' असेल तर चाकू बहुधा १८९० च्या आधीचा. 'इंग्लंड' हा शब्द सर्रास दिसू लागला तो १८९० च्या अमेरिकी जकात कायद्यानंतर, कारण मालावर देशाचं नाव हवंच असा त्याचा दंडक होता. आणि पात्यावर 'स्टेनलेस' असेल तर चाकू पहिल्या महायुद्धाच्या आधीचा नाही म्हणून समजा. न गंजणारं पोलाद हॅरी ब्रिअर्लींनी शेफील्डमध्येच १९१३ साली बनवलं.

हे सगळं मावतं बोटाच्या पेराहून लहान जागेत. चाकूचा जन्मदाखलाच तो. रॉजर्सच्या नावाला बाजारात इतकी किंमत होती की दुसऱ्यांनी आपल्या मालावर ते ठोकून विकायला सुरुवात केली, आणि १८४० च्या दशकात रॉजर्सना त्यासाठी न्यायालयात जावं लागलं. म्हणून नुसतं नाव वाचून भागत नाही. अक्षरांची ठेवण पाहायची, ठोक किती खोल आहे ते पाहायचं, पातं उघडताना आणि मिटताना स्प्रिंग पाठीशी सपाट बसते का ते पाहायचं. पॉलिशच्या चाकाखाली यातला पहिला आणि मोठा पुरावा जातो, आणि एकदा गेला की कुठल्याही कारागिराला तो परत आणता येत नाही.

पनवेलच्या घरांत असे चाकू निघतात याचं नवल वाटू नये. आगगाडी घाट चढण्याआधी मुंबईहून पुण्याला जाणारा माणूस होडीने आपल्या बंदरात उतरे आणि इथून घाटाची वाट धरी. इंग्रज धर्मगुरू बिशप हेबर १८२५ साली असेच गेले. १८३० मध्ये बोरघाटाचा गाडीरस्ता खुला झाला, १८५२ मध्ये इथे नगरपालिका आली. बंदर, पेठ, वखारी, कचेरी. म्हणजे लिहिणाऱ्यांचं गाव. लिहायचं तर बोरू हवा आणि बोरू म्हटला की चाकू आलाच. टोक बोथट झालं की तासायचं, तिरका छेद द्यायचा, मधोमध चीर पाडायची. दोन पात्यांच्या चाकूतलं ते लहान पातं मुळात लेखणी तासण्यासाठीच. ज्या घरात असा चाकू निघतो त्या घरात कुणीतरी रोज उठून हिशेब, पत्रं, कागद लिहीत होतं, एवढं नक्की समजावं.

मूठही बोलते. काळी, गुळगुळीत, थरांची असेल तर म्हशीचं शिंग. बारीक काळे ठिपके आणि रेषा दिसल्या तर हाड. खडबडीत, खोबणी-खोबणींची असेल तर सांबरशिंग, आणि ते बहुतेक वेळा आपल्याकडचंच. सांबराची शिंगं दरवर्षी गळतात. हिंदुस्थानच्या जंगलांतून ती गोळा होऊन जहाजाने शेफील्डला जात आणि चाकूची मूठ होऊन आपल्याच बाजारात परत येत. आज वन्यजीव संरक्षण कायद्याने हा व्यापार बंद आहे, हस्तिदंताचा तर अधिकच कडकपणे. तेव्हा घरात असा चाकू निघाला तर विकायच्या भानगडीत पडू नका आणि कुणी विकायला आणला तर घेऊ नका. कायदा योग्य आहे. संग्रहापेक्षा सांबर मोठं.

पुण्यात दिनकर केळकरांनी १९२० च्या सुमारास अडकित्ते, दिवे, दौती असल्या घरगुती वस्तू गोळा करायला सुरुवात केली तेव्हा लोकांना त्या अडगळ वाटत होत्या. १९६२ साली त्यांनी तो सगळा संग्रह शासनाच्या हवाली केला. आज आपण राजा दिनकर केळकर संग्रहालयात तिकीट काढून ते अडकित्ते पाहतो. अडकित्त्याला जो मान मिळाला तो आजोबांच्या चाकूलाही मिळावा, एवढंच माझं म्हणणं. त्यासाठी खर्च नाही. मऊ सुती कापड, शिवणयंत्राच्या तेलाचा एक थेंब सांध्यात, एक पात्यावर. पॉलिश पेपर नको, लिंबू नको, चिंच नको. शिक्क्याचा स्पष्ट फोटो काढा आणि चाकू कोणाचा, कुठे सापडला, हे चिठ्ठीवर लिहून सोबत ठेवा.

पॉलिशच्या चाकाचा विषय निघालाच आहे तर धारेच्या चाकाशी बसणाऱ्या माणसाबद्दलही लिहायला हवं. शेफील्डचे चाकू आपण कौतुकाने हातात घेतो, पण त्यांना धार देणारे कामगार वाळूच्या दगडाच्या मोठ्या चाकावर ओणवे होऊन काम करत. दगडाची आणि पोलादाची धूळ थेट छातीत. आर्नल्ड नाइट या तिथल्या डॉक्टरांनी १८३० मध्ये या धुळीने होणाऱ्या दम्यावर लिहिलं. कोरड्या चाकावर काम करणाऱ्याचं आयुष्य सरासरी जेमतेम पस्तीस वर्षांचं आणि ओल्या चाकावरचाही पंचेचाळीस क्वचितच ओलांडी, अशी त्यांची नोंद जर्मन विचारवंत एंगल्सने इंग्लंडच्या कामगारांवरच्या आपल्या पुस्तकात दिली आहे. त्याच सुमारास अब्राहम नावाच्या तिथल्या शिक्षकाने पोलादाची धूळ अडवणारं लोहचुंबकाचं साधन तयार केलं, त्याला पदकही मिळालं. कामगारांनी ते वापरलं नाही. मरण लवकर येतं म्हणून या कामाला मजुरी बरी मिळते. माणसं जगू लागली तर कारागीर वाढतील आणि मजुरी पडेल, ही त्यांची भीती होती. मी हे पहिल्यांदा वाचलं त्या दिवसापासून संग्रहातला कुठलाही चाकू उघडताना मला तो हिशेब आठवतो. पोटासाठी माणसाला स्वतःचं मरण सांभाळून ठेवावं लागतं, यापेक्षा वाईट सौदा मला माहीत नाही.

हे सगळं दूरदेशीचं आणि जुनं म्हणून सोडता येत नाही. गुजरातेतल्या खंभातला अकीक घासणाऱ्या कारागिरांच्या छातीत हाच रोग आपल्या काळात सापडला आहे. आपल्या गल्लीत येणाऱ्या धारवाल्याकडे एकदा नीट पाहा. सायकल स्टँडवर लावतो, पायडल मारतो, चाक फिरतं, ठिणग्या उडतात आणि त्याचं तोंड त्या चाकापासून वीतभर अंतरावर. आजची चाकं कृत्रिम दगडाची, शेफील्डच्या वाळूच्या दगडाइतकी घातक नाहीत. पण दिवसभर श्वासात जाणारी धूळ ती धूळच, आणि तोंडाला बांधायला त्याच्याकडे बहुतेकदा रुमालही नसतो. आपण वरून दहा रुपयांची घासाघीस करतो. भाजी चिरायची सुरी बोथट झाली की स्वयंपाकघर अडतं, हे माहीत असूनही करतो.

धारेचं काम करणाऱ्यांसाठी महापालिकेने आणि आपल्या गावातल्या सेवाभावी डॉक्टरांनी वर्षातून एकदा छातीची तपासणी ठेवावी. काम थोडं, गरज मोठी. तोवर आपल्याला जमण्यासारखं तरी करू या. पुढच्या वेळी 'धारऽऽ' अशी हाक ऐकू आली की सुऱ्या-कात्र्या घेऊन खाली उतरा, तो मागेल ते पैसे द्या, आणि सोबत धूळ अडवणारा एक चांगला मास्क त्याच्या हातात ठेवा.