विसावा आठवडा

न्यायालयांतील खटल्यांच्या हकीकती पुरुषमंडळी ओसरीवर मोठ्यानें वाचतात; पण एखादा खटला असा निघतो कीं, वाचणाराचा आवाज आपोआप खालीं येतो. गर्भपाताच्या कायद्याचे खटले या जातीचे होत. माजघरांत मात्र त्यांची चर्चा मोकळेपणीं होते. कारण ज्यांनीं स्वतः महिने मोजले आहेत, त्यांनाच त्यांतलें मर्म कळतें.

सन २००८ मध्यें मुंबईच्या उच्च न्यायालयापुढें असें एक जोडपें उभें राहिलें. गर्भाच्या हृदयांत गंभीर दोष असल्याचें त्या बाईंना चोविसाव्या आठवड्यांत समजलें होतें. १९७१ च्या कायद्यानें गर्भपाताची मुभा वीस आठवड्यांपर्यंतच; त्यापुढें केवळ मातेचा जीव वांचविण्यासाठीं. त्यांचे डॉक्टर निखिल दातार हेहि अर्जदार झाले. ४ ऑगस्ट रोजीं न्यायालयानें अर्ज फेटाळला. मूल गंभीर व्यंग घेऊनच जन्मेल असें डॉक्टरांच्या अभिप्रायांवरून सिद्ध होत नाहीं, आणि मुदत बदलणें हें कायदेमंडळाचें काम, असें न्यायालयाचें म्हणणें पडलें. थोड्याच दिवसांत त्या बाईंचा गर्भपात आपोआप झाला.

निकाल कायद्याच्या अक्षरास धरून होता, हें मान्य केलें पाहिजे. न्यायाधीशांनीं कायदा नव्यानें लिहूं नये, हें मलाहि पटतें. पण ही मुदत ठरली तेव्हां गर्भाचे अवयव पाहण्याचें साधन आपल्या इस्पितळांत रुळलेंच नव्हतें. आज ती सविस्तर तपासणी अठरा ते वीस आठवड्यांच्या सुमारास होते. हृदयाची तर कित्येकदां त्याहूनहि उशिरां. म्हणजे दोष दिसावा आणि त्याच आठवड्यांत दार लागावें! घरांत चोरओटी होऊन डोहाळजेवणाची बोलणीं सुरू होतात, तोच हा काळ. शंका आली कीं दुसऱ्या डॉक्टरांची वेळ घ्यावयाची, सासऱ्यांच्या कानावर घालावयाचें, माहेरचें माणूस येईपर्यंत थांबावयाचें. एकत्र कुटुंबांत एक निर्णय किती जणांच्या होकारानें होतो, हें वाचकभगिनींना सांगावयास नको. यांत दोन आठवडे सहज सरतात.

कायदा बदलला तो २०२१ सालीं, तेरा वर्षांनीं. आतां वीस आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरांचें मत पुरतें. चोवीसपर्यंत कांहीं ठराविक स्त्रियांना दोघांच्या मतानें परवानगी मिळते, आणि गर्भारपणांतच वैधव्य आलेली स्त्रीहि त्यांत आहे. वैद्यकीय मंडळानें गर्भांत गंभीर व्यंग ठरविलें, तर आठवड्यांचें बंधनच उरलें नाहीं.

एवढ्यानें वाद मिटला असें मात्र नव्हे. जानेवारी २०२३ मध्यें त्याच न्यायालयापुढें बत्तीस आठवडे उलटलेली एक स्त्री आली. मंडळानें व्यंग मान्य केलें, तरी दिवस फार झाले म्हणून नकार सुचविला. न्या. गौतम पटेल यांच्या खंडपीठानें तें मत बाजूस ठेवलें. निवड करण्याचा हक्क मंडळाचा नसून त्या स्त्रीचा आहे, असें ठरवून परवानगी दिली. दोष दिसतो कीं नाहीं, हें मंडळानें सांगावें. त्याचें ओझें पेलवेल कीं नाहीं, हें मंडळ कसें सांगणार? निकाल मला योग्य वाटतो. सोपा मात्र वाटत नाहीं.

ही हकीकत मीं घरीं वाचून दाखविली तेव्हां काकू निवडण्याचें ताट खालीं ठेवून म्हणाल्या, "बत्तीस आठवडे म्हणजे आठवा महिना लागला कीं ग! पोटांतलें तोंवर चांगलें हालत असणार." मी गप्प राहिलें. मग कलम कोणतें, न्यायाधीश कोण, यांतलें त्यांनीं कांहींच विचारलें नाहीं. "कोर्टाचा निकाल लागेपर्यंत रात्रीं तिच्याजवळ कोण निजत होतें?" एवढेंच त्यांनीं विचारलें.