म्हातारीचं आरक्षण

आरक्षण हा शब्द ऐकला की पांढरपेशांचं डोकं उठतं. गुणवत्ता मेली म्हणून ते गळा काढतात. पण दोस्तहो, आरक्षण जमिनीलाही असतं. गावाच्या नकाशावर इथं बगीचा, इथं शाळा, इथं भाजीबाजार, हा पट्टा हिरवा म्हणजे शेतीचा, तो पिवळा म्हणजे राहण्याचा, असं रंगवून ठेवलेलं असतं. हे आरक्षण उठवायचं असलं की कुणाचं डोकं उठत नाही. चहाच्या दोन कपांत बगीच्याची इमारत होते. तेव्हा गुणवत्ता कोणत्या झाडाला टांगलेली असते, ते मला अजून दिसलं नाही.

मी मॅट्रिक. मुंबईच्या गोदीत कंत्राटी हमाल. पोलादाच्या गुंडाळ्या उतरवतो, रात्री जमलं तर कविता लिहितो. घर कळंबचं, यवतमाळ जिल्ह्यातलं. घर म्हणजे आजी. बाकी कोणी उरलं नाही. १९५६ च्या ऑक्टोबरात ती पाच-सहा वर्षांची होती, बापाच्या खांद्यावर बसून नागपूरला दीक्षेला गेली होती. तेवढ्यावरून आम्ही तिचं वय काढतो. कागदावर ते तीन वर्षांनी कमी आहे, कारण कागद लिहिणाऱ्यानं तिच्याकडे नुसतं बघून आकडा टाकला.

आजीची झोपडी सरकारी जागेवर. चाळीस वर्षं झाली. या वेळी आलो तर भिंत एका बाजूनं बसलेली. म्हटलं, रमाई आवासमधून घरकुल होईल, योजना आपल्यासाठीच आहे. एका कचेरीत गेलो. बाबू म्हणाला, "जागेचा उतारा आणा." उतारा असता तर झोपडी कशाला असती? घर नाही म्हणून घरकुल, आणि जागा नाही म्हणून घरकुल नाही. सरकारी जागेवरचं १ जानेवारी २०११ पूर्वीचं राहतं घर नियमित करायचं सरकारचं धोरण आहे, तेही सांगितलं. बाबू म्हणाला, "पुरावा?" आजी बाजूला उभी होती. म्हणाली, "मीच हावो ना पुरावा, बाप्पा!" बाबू हसला. मी हसलो नाही.

वस्तीतल्या एका निवृत्त गुरुजींनी मग वेगळी गोष्ट काढली. एकेका म्हातारीचा कागद शोधत बसण्यापेक्षा गावानं एक तुकडाच म्हाताऱ्यांच्या घरांसाठी मागावा. हिरव्या पट्ट्यात असेल तर पिवळा करून घ्यावा, बगीच्यासाठी राखलेला असेल तर त्यातला भाग सोडवून घ्यावा. कायद्यात वाट आहे. १९६६ च्या नगररचना कायद्याचं कलम ३७ म्हणजे मंजूर आराखड्यात फेरबदल. नोटीस निघते, महिनाभर हरकती-सूचना घेतात, मग सरकार मंजुरी देतं. आराखडा अजून तयार होत असेल तर कलम २६ खाली आधीच हरकत टाकता येते. म्हणजे आपला सही-अंगठा तिथं चालतो. आपल्या पोरांनी या नोटिसा वाचायची सवय लावून घेतली पाहिजे. आपण फक्त क्रिकेटचं पान वाचतो.

मला गुरुजींचं पटलं. वस्तीत सांगितलं तर सगळ्यांचं एकच बोट वर झालं. तिकडं, नाल्यापल्याड. तिकडं स्वस्त आहे, मोकळं आहे, कुणी हरकत घेणार नाही. आपलेच लोक म्हणाले हे.

माझी हरकत नेमकी इथं आहे.

आजीचं गाव किती मोठं आहे ते मी मोजलं. बँक, कारण श्रावणबाळचे १५०० रुपये तिथं येतात. सरकारी दवाखाना. एसटी स्टँड. किराणा. आणि विहाराचा ओटा, जिथं संध्याकाळी चार म्हाताऱ्या बसतात. हे सगळं ती काठी टेकत टेकत करते, मध्ये दोनदा बसून. नाल्यापल्याड घर दिलं तर ऑटोला जायला-यायला पैसे लागतील, आणि १५०० मधून ते द्यायचे तर खायचं काय? पावसाळ्यात नाला भरला की दवाखाना चार दिवस बंदच समजा. घर मिळेल, गाव जाईल. आमच्या बापजाद्यांना गावकुसाबाहेर ठेवलं होतं ते धर्मानं. आता नगररचनेनं ठेवतील, वर फित कापतील.

मी हे हवेत बोलत नाही. मुंबईत हे होऊन गेलं आहे. १८ जानेवारी १९८२ ला गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. गिरण्या बसल्या, पण जमीन बसली नाही, ती उभी राहिली सोन्याच्या भावानं. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीत नियम ५८ होता. गिरणीची जमीन विकायला काढली तर साधारण एक हिस्सा म्हाडाला घरांसाठी, एक महापालिकेला मोकळ्या जागेसाठी, एक मालकाला. २००१ मध्ये नियम बदलला. वाटणी फक्त मुळात मोकळ्या असलेल्या जागेची, बांधकामाखालची धरायची नाही, असं ठरलं. गिरणी म्हणजे सगळं बांधकामच. मालकाचा हिस्सा फुगला, घरांचा आटला. उच्च न्यायालयानं कामगारांच्या बाजूनं अडवलं, पण २००६ ला सर्वोच्च न्यायालयानं बदल कायम केला. एका व्याख्येत अख्खं गिरणगाव गेलं.

आणि संपातले ते जवान कामगार आता म्हातारे झालेत. २०२४ मध्ये त्यांच्यासाठी घरं ठरली तर कुठं? शेलू आणि वांगणी. कर्जतच्या लाइनीवर. परळ-लालबागमध्ये फुप्फुसात कापूस भरून घेतलेल्या माणसानं सत्तरीत तिथं जाऊन राहायचं. घर नाकारलं तर हक्क गेला, अशीही अट होती. जुलै २०२५ मध्ये म्हातारे काठ्या घेऊन आझाद मैदानात उतरले, तेव्हा कुठं ती अट काढू म्हणून सरकारला बोलावं लागलं. आमच्या गोदीतले काही जण गेले होते. मीही पाळी बुडवून गेलो. एका म्हाताऱ्याला पाणी दिलं तर म्हणाला, "पोरा, घर देतायत की घालवतायत?"

तेव्हा जमीन नाही हे आम्हाला सांगू नका. २०२४ च्या फेब्रुवारीत वर्धा-कळंब रेल्वे सुरू झाली, तिला जमीन मिळाली. मिळायलाच पाहिजे होती. महामार्गाला मिळाली. कळंबचा चिंतामणी तर जमिनीच्या पोटात बसला आहे, पायऱ्या उतरून जावं लागतं, त्यालाही गावातच जागा आहे. आजी उमेदीत त्याच्या यात्रेत फुटाणे विकायची.

याच १९६६ च्या कायद्यात आणखी एक कलम आहे, १२७. तुमची जमीन दहा वर्षं आरक्षणात अडकून पडली, सरकारनं घेतली नाही, तर तुम्ही नोटीस द्यायची. ठरल्या मुदतीत सरकार हललं नाही की जमीन मोकळी. जमीन दहा वर्षं थांबली तर तिला सुटका आहे. चाळीस वर्षं थांबलेल्या बाईनं कोणत्या कलमाखाली नोटीस द्यावी? २००७ चा ज्येष्ठ नागरिकांचा कायदा बघा. जिल्ह्यात किमान १५० निराधार म्हाताऱ्यांची सोय होईल असे वृद्धाश्रम सरकार काढू शकेल, असं कलम १९ म्हणतं. काढील नव्हे, काढू शकेल. यवतमाळ जिल्ह्याचे तालुके सोळा. दीडशेला सोळानं भागा. २०२५ च्या मे मध्ये राज्याचं नवं गृहनिर्माण धोरण आलं, नाव 'माझे घर, माझा अधिकार'. त्यात ज्येष्ठांचं नाव घेतलंय. नाव घेतलं हे बरं झालं. आता जागा सांगा.

काही शहाणे म्हणतील, म्हाताऱ्यांना वेगळं कशाला काढता, कुटुंबात ठेवा, आपली संस्कृती आहे. लेका, कुटुंब गोदीत आहे. सहा माणसं शिवडीच्या एका खोलीत पाळीपाळीनं झोपतो. बाकीचं कुटुंब वीटभट्टीवर आणि पुण्याच्या बांधकामावर आहे. आणि आम्हाला देणगीदारांच्या पाट्या लावलेला, सकाळी भजन, संध्याकाळी खिचडीवाला आश्रम नको आहे. एक खोली, एक मोरी, आतून लावता येईल असं दार आणि आपल्या नावाचा कागद. शेजारी तेली, कुणबी, मुसलमान, गोंड, ज्याला घर नाही तो कोणीही म्हातारा. ओळ एक आणि नळ एक. नळ दोन झाले तर ती घरं मीच पाडायला येईन.

दादासाहेब गायकवाडांनी १९६४ मध्ये भूमिहीनांचा देशभर सत्याग्रह केला तेव्हा मागणी कसायच्या जमिनीची होती. ती अजून पुरी व्हायची आहे. आजीची मागणी तर पाठ टेकण्याएवढीच आहे, पण बँकेपासून काठीच्या टप्प्यात. त्याहून लांबची जागा दाखवली तर ती आम्ही घेणार नाही, हे अर्जात पहिल्याच ओळीत लिहिलं आहे. गुरुजी म्हणाले, एवढं कडक नको, हातचं जाईल. मी खोडलं नाही.

आजीचा अंगठा घेतला. अंगठा उमटवताना तिनं विचारलं, "बाबू, हे घर होईस्तोवर मी राहीन का रे?" मी शाईची डबी बंद करत बसलो. वस्तीतल्या आणखी अकरा म्हाताऱ्या बाकी आहेत, त्यांच्याकडे उद्या सकाळी जायचं आहे. परवाच्या गाडीनं मुंबई, रात्रपाळी लागली आहे. अर्जाची नक्कल गुरुजींकडे ठेवतो.