नदीकाठचे नांदे आणि लेकीचा वाटा

नांदे गावाचे नाव काढले, की ऐकणारा हमखास विचारतो, "नांदेड म्हणायचंय का?" मराठवाड्यातले नांदेड नव्हे आणि पुण्याच्या सिंहगड रस्त्यावरचे नांदेडही नव्हे. हे नांदे मुळशी तालुक्यातले. पुणे शहरातून पश्चिमेला निघून सूस, म्हाळुंगे मागे टाकले की मुळा नदीच्या खोऱ्यात हा मुलूख लागतो. शेजारच्या चांदे गावाबरोबर त्याचे नाव जोडीनेच घेतात, चांदे-नांदे. एका अंगाला लवळ्याचे डोंगर, दुसऱ्या अंगाला नदी आणि मधल्या सपाटीवर शेते. या महिन्यात वाचकांना आम्ही तिकडे घेऊन जाणार आहोत. कारण या गावात आज जे चालले आहे, ते उद्या आपल्यापैकी अनेकांच्या गावात होणार आहे. काहींच्या गावात तर होऊनही गेले आहे.

नावाची व्युत्पत्ती काहीही असो, मराठी माणसाच्या कानाला त्यात 'नांदणे' ऐकू येते. सुखाने राहणे, मिळून राहणे म्हणजे नांदणे. लेक सासरी जाते तेव्हाही आपण ती 'नांदायला गेली' असेच म्हणतो. हा शब्द लक्षात असू द्या, पुढे त्याचे काम पडणार आहे.

मुळशीचा पाऊस हा एक अजब प्रकार आहे. तालुक्याच्या पश्चिम टोकाला ताम्हिणी घाटात वर्षाकाठी सहा हजार मिलिमीटरच्या वर पाऊस कोसळतो. तिथून पूर्वेकडे यावे तसा तो झपाट्याने कमी होत जातो आणि पुणे शहरात जेमतेम सातशे मिलिमीटरच्या आसपास उरतो. हे अंतर मोटारीने दोन-अडीच तासांचे आहे. नांदे या दोन टोकांच्या मध्ये, पण शहराच्या जवळच्या अंगाला. त्यामुळे घाटातला भात आणि देशावरची ज्वारी या दोन्हींची चव या पट्ट्याला ठाऊक आहे.

भात म्हटला की मुळशी-मावळचा आंबेमोहोर आलाच. शिजताना आंब्याच्या मोहोरासारखा वास दरवळतो म्हणून हे नाव. उन्हाळ्यात राब भाजायचे, पहिल्या पावसाच्या सुमाराला रोपे टाकायची, आषाढात गुडघाभर चिखलात वाकून आवण लावायचे आणि दिवाळीच्या आसपास कापणी. आंबेमोहोराचे रोप उंच वाढते, वाऱ्याने आडवे पडते आणि उताराही कमी देते. म्हणून वडगाव मावळच्या संशोधन केंद्राने तयार केलेले 'इंद्रायणी' वाण १९८७ नंतर शेतकऱ्यांनी मोठ्या प्रमाणावर धरले. आपल्या घरी आजारी माणसासाठी केलेली मऊ भाताची पेज असो, की ईदच्या दुसऱ्या दिवशी उरलेल्या रश्श्याबरोबरचा साधा भात, त्यातला चिकट गोडवा बहुधा या इंद्रायणीचा असतो. बिर्याणीला मात्र हा तांदूळ चालत नाही. तिथे सुटे, लांब दाणेच लागतात, हे आमच्या गृहिणींना सांगायला नको.

आता नदी. मुळा सह्याद्रीत उगम पावते, पौडवरून खाली येते, नांदे-म्हाळुंगेच्या बाजूने पुण्याकडे वळते, दापोडीला पवनेला आणि पुढे संगमावर मुठेला मिळते. तिथून मुळा-मुठा भीमेला, भीमा कृष्णेला, आणि ते पाणी शेवटी बंगालच्या उपसागराला जाऊन मिळते. शाळेत एवढेच शिकवतात. पण मुळेचे बरेचसे पाणी या वाटेने जातच नाही. मुळशीला धरण आहे. तिथे अडवलेले पाणी बोगद्यातून आणि नळांतून डोंगराच्या पलीकडे, कोकणात भिऱ्याला सोडतात. त्यावर वीज तयार होते आणि मग ते पाणी कुंडलिका नदीतून कोलाड, रोह्यावरून अरबी समुद्राला जाते. पूर्वेला जायचे पाणी पश्चिमेला वळले, ते मुंबईला वीज पाहिजे होती म्हणून. खालच्या गावांच्या वाट्याला पावसाळ्यात धरण भरले की विसर्ग येतो. तेव्हा काठच्या लोकांना सावध राहण्याच्या सूचना दिल्या जातात.

हे धरण सुखासुखी झाले नाही. १६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीच्या दिवशी, मुळशीच्या मावळ्यांनी धरणाच्या कामावर जाऊन सत्याग्रह सुरू केला. पांडुरंग महादेव बापट त्याचे पुढारी झाले आणि याच लढ्यात लोकांनी त्यांना 'सेनापती' केले. शेकडो स्त्री-पुरुष तुरुंगात गेले. १९२४ पर्यंत लढा चालला, तरी धरण झालेच. पन्नासच्या आसपास गावांच्या जमिनी गेल्या.

या लढ्याची एक बाजू कमी सांगितली जाते. अभ्यासक राजेंद्र व्होरा यांनी मुळशी सत्याग्रहावर पुस्तक लिहून ती मांडली आहे. जमीन कसणारे मावळे होते, पण कागदोपत्री अनेक जमिनी सावकारांच्या नावावर होत्या आणि त्यांतले बरेच सावकार पुण्यात राहत होते. कसणाऱ्याला जमीन सोडायचीच नव्हती. सावकाराला भाव चांगला मिळाला की पुरे होते. लढा आतून कमजोर झाला, त्याचे हे एक मोठे कारण. पैसे आले ते ज्याचे नाव कागदावर होते त्याच्या घरी. ज्याने नांगर धरला होता, तो पोटासाठी दुसरीकडे गेला.

शंभर वर्षे झाली. आता नांदे परिसरात धरण नाही, शहर आले आहे. नदीच्या पलीकडे हिंजवडीला आयटी पार्क उभे राहिले. लवळ्याच्या डोंगरावर सिंबायोसिसचे विद्यापीठ झाले. २०२१ च्या जून महिन्यात सूस आणि म्हाळुंगे ही गावे पुणे महापालिकेत गेली आणि शहराची हद्द नांद्याच्या उंबऱ्याशी आली. जिथे आवण लावले जाई, त्या भागात उंच इमारतींच्या जाहिरातींचे फलक लागले. जमिनीचा हिशेब पूर्वी एकरात व्हायचा, आता तो गुंठ्यात होतो. हे सारे वाईटच, असे म्हणणारे आम्ही नव्हे. मुलांना शिक्षण जवळ आले, दवाखाना जवळ आला, चार पैशांची नोकरी आली. पण मुळशीचा जुना प्रश्न तसाच आहे: पैसे कोणाच्या घरी जातात?

मराठी गावात मुसलमानांचे घर बहुधा एक-दोनच असायचे. मुलाणी हा गावगाड्याचा एक भाग होता. जनावर हलाल करणे, मशिदीची किंवा पिराची देखभाल करणे ही त्याची कामे. त्याबद्दल सुगीला धान्याचा वाटा मिळे. तांबोळी पान विकी, मण्यार बांगड्या भरी, पिंजारी कापूस पिंजून गाद्या भरून देई. घाटावरच्या कितीतरी गावांत मोहरमला ताबूत बसत, त्यांना नवस बोलणारे बहुसंख्य हिंदू असत, आणि मलिदा साऱ्या गावाच्या घरी जाई. विसर्जन नदीतच व्हायचे. नदी एक, पाणवठा एक, म्हणून ओळखही एक होती. मुलाण्याच्या घरची लेक नांदायला निघाली की वेशीपर्यंत सारी आळी जायची.

हा गावगाडा आता मोडला आहे आणि त्यातले सगळेच रडण्यासारखे नाही. धान्याच्या वाट्यावर जगणे म्हणजे दुसऱ्याच्या तोंडाकडे बघत जगणे होते. पण गावाची जमीन विकली जाते तेव्हा या घरांच्या हातात काय येते, हे पाहिले पाहिजे. काहींकडे इनामाचा लहानसा तुकडा असतो, काहींकडे घरापुरती जागा, काहींकडे तेही नाही. ज्यांच्याकडे आहे, त्यांच्याही सातबाऱ्यावर आजोबांचेच नाव चाललेले असते. तीन पिढ्यांत वारस वाढले, काही मुंबईला गेले, काही पुण्याला, आणि नोंद कोणी केलीच नाही. भाव नव्हता तोवर काही बिघडले नाही. भाव आला, की भांडण सुरू होते.

आणि या भांडणात सर्वांत आधी जिचे नाव गळते ती लेक. जमिनीचा व्यवहार ठरतो, मग भाऊ बहिणीच्या सासरी जातात. मिठाई नेतात, साडी नेतात आणि हक्कसोडपत्रावर सही मागतात. बहीण सही करते. माहेर तुटू नये, म्हणून करते. तिने नाही म्हटले तर 'भावाच्या पैशावर डोळा ठेवला' असे ऐकावे लागते. हे फक्त आपल्याच समाजात आहे असे नाही. हिंदू वारसा कायद्यात २००५ साली सुधारणा होऊन मुलीला वडिलोपार्जित मालमत्तेत मुलाइतकाच हक्क मिळाला, तरी हक्कसोडपत्रे तिथेही लिहिली जातात. पण आपल्याला तर ही गोष्ट चौदाशे वर्षांपूर्वी सांगितली गेली. मालमत्ता थोडी असो वा पुष्कळ, तीत स्त्रीचा वाटा ठरलेला आहे, हे सूरह निसामध्ये स्पष्ट आहे. नमाज-रोजाच्या बाबतीत दक्ष असलेली घरे या एका बाबतीत 'आपल्याकडे तशी रीत नाही' म्हणून मोकळी होतात, याचे आम्हाला नवल वाटते.

हिशेब अवघड नाही. समजा एका माणसामागे त्याची पत्नी, दोन मुलगे आणि एक मुलगी आहे, त्याचे आईवडील आधीच वारलेले आहेत आणि जमीन एक एकर म्हणजे चाळीस गुंठे आहे. आधी त्याचे कर्ज फेडायचे. पत्नीचा मेहर द्यायचा राहिला असेल, तर तोही कर्जच. वसीयत केली असेल, तर ती एक तृतीयांशाच्या आत पुरी करायची. असे काही देणे नसेल, तर पत्नीचा आठवा हिस्सा, म्हणजे पाच गुंठे. उरलेल्या पस्तीस गुंठ्यांतून प्रत्येक मुलाला चौदा आणि मुलीला सात. सात गुंठे म्हणजे शेतीच्या हिशेबाने फार नाही, दोन पोती भातही कष्टाने निघेल. पण जमीन शहराला लागली, की त्याच सात गुंठ्यांत एखाद्या मुलीच्या लेकरांचे शिक्षण होते, विधवेच्या डोक्यावर छप्पर येते. भाऊ म्हणतात, 'तिच्या लग्नात खर्च केला की.' लग्नाचा खर्च हा वारशाचा हिस्सा नव्हे. हिस्सा वडिलांच्या मृत्यूनंतर निर्माण होतो. लग्नातल्या मांडवाने आणि जेवणावळीने तो फिटत नाही.

बहिणीने खुशीने, समजून-उमजून आपला वाटा भावाला दिला, तर तो तिचा अधिकार आहे. मात्र त्याआधी तिला तो वाटा किती आहे आणि त्याची किंमत काय, हे कळले पाहिजे. जे हातात आलेच नाही, ते खुशीने दिले असे कसे म्हणावे?

आणखी एक गोष्ट कब्रस्तानाची. लहान गावात नदीकाठी किंवा टेकडीच्या पायथ्याशी चार-सहा कबरी असतात. सारे गाव त्या जागेला ओळखते, पण गावातले जुने लोक गेले आणि शेजारच्या शेताची मोजणी निघाली, की ती ओळख कागदावर कुठे आहे हा प्रश्न येतो. आजवर शेजाऱ्यांच्या भलेपणावर निभावले. नवा मालक परगावचा असतो, त्याला कोणाची कबर कुठे हे ठाऊक नसते आणि त्यात त्याचा दोषही नसतो. जागेची नोंद असेल, तर वाद उभाच राहत नाही.

राहिली नदी. शहराजवळ येईल तशी मुळा काळी पडत जाते, सांडपाणी मिसळते आणि उन्हाळ्यात पात्रावर जलपर्णीचा हिरवा गालिचा पसरतो. वाहत्या नदीच्या काठी बसून वजू करतानाही पाणी वाया घालवू नये, अशी आपल्याला शिकवण आहे. तिच्या काठी राहणाऱ्या नव्या-जुन्या सर्वांनी आपल्या सोसायटीचे सांडपाणी शुद्ध होऊन जाते की तसेच, एवढे जरी विचारले, तरी पुष्कळ काम होईल.

म्हणून या महिन्यात वाचकांना आम्ही तीन कामे सांगणार आहोत. पहिले, गावाकडच्या जमिनीचा सातबारा आणि आठ-अ काढा. तो आता इंटरनेटवरही पाहता येतो. त्यावर कोणाची नावे आहेत, ती मोठ्याने वाचा, आणि अम्मी, फुफी, बहिणी समोर असताना वाचा. दुसरे, वारस नोंद राहिली असेल, तर गावच्या तलाठ्याकडे अर्ज करा, आणि त्या अर्जात मुलींची नावे गाळू नका. फेरफाराची नोटीस लागल्यावर हरकतीसाठी १५ दिवस मिळतात, हे परगावी नांदणाऱ्या बहिणींनी ध्यानात ठेवावे. तिसरे, कब्रस्तानाची जागा गावच्या नकाशात आणि दप्तरात आहे की नाही, हे पाहून घ्या. हे काम गावातल्या चार जुन्या हिंदू शेजाऱ्यांना बरोबर घेऊन करा. त्यांच्या साक्षीइतकी चांगली साक्ष दुसरी नाही.

नांद्याच्या बाजूला अजून काही शेतांत भात लागतो. यंदा पावसाळ्यात पुण्याहून पौडकडे जाणे झाले, तर रस्त्यात उतरून जरूर बघा, मुलांनाही दाखवा. आणि परत आल्यावर पहिल्या कामाला लागा. त्याला एक संध्याकाळ पुरते.