तारांचं चाक

या आठवड्यात आलापल्लीच्या गॅरेजात माझ्या हौसेनं नटवलेल्या जुन्या बुलेटची अलॉय चाकं उतरवली आणि तारांची चढवली. भामरागडच्या वाटेवरच्या खड्ड्यानं अलॉयला तडाच दिला होता. मिस्त्रीनं 19 इंची रिममध्ये 40 तारा ओवल्या, निपल पाव-पाव आटा फिरवत आउट काढला, मग एकेका तारेवर पाना वाजवून कान लावला. ढिली तार बद्द बोलते. "भाऊ, अलॉय तुटते, तार वाकते," एवढंच म्हणाला. आता ट्यूब आली, पंक्चरला चाक खोलणं आलं, कबूल. तरी जंगलाच्या रस्त्याला तारांचंच चाक हवं, अलॉय चंद्रपूरच्या डांबरावर मिरवावं. घरी बायको म्हणाली, "एवढे पैसे घालून गाडी पुन्हा जुनीच केली की!" अगदी बरोबर.