बंद ट्रंक आणि वाऱ्याची चाळ

दिवाळी तोंडावर आली की घरोघर साफसफाईची गडबड उडते. माळे उतरतात, ट्रंका ओढल्या जातात, गाद्या गच्चीवर जातात. अशाच एखाद्या ट्रंकेचे झाकण उघडताच घरातले कोणीतरी नाक मुरडून म्हणते, "कसला हा कुबट वास!" ते ऐकले की माझ्या पोटात अजूनही धस्स होते. त्यामागची हकिकत आज सांगायची आहे.

बागलाणात मोसम नदीच्या काठी आमचे नामपूर. माझे वडील तिथे प्राथमिक शिक्षक होते. जात्यावरच्या अहिराणी ओव्या उतरून घेण्याचा त्यांना भारी नाद. त्यांनी अशा एकवीस वह्या भरल्या होत्या. वडील गेले, ओव्या सांगणाऱ्या म्हाताऱ्याही एकेक करून गेल्या. राहिल्या त्या वह्या.

एका वर्षी आईच्या औषधपाण्यासाठी आम्हा सर्वांना जूनपासून चार महिने नाशिकला राहावे लागले. घर बंद राहणार म्हणून मी वह्या प्लॅस्टिकमध्ये घट्ट गुंडाळल्या, लोखंडी ट्रंकेत ठेवल्या, वर डांबराच्या गोळ्या टाकल्या आणि ट्रंक भिंतीला लावून ठेवली. आदल्याच रात्री वळवाचा पाऊस झाला होता. आमच्याकडे काही कोकणासारखा पाऊस नाही, म्हणून मी निर्धास्त होतो. दसऱ्याला परत येऊन ट्रंक उघडली, तो झाकणाच्या आतल्या बाजूला पाण्याचे थेंब! वह्यांवर हिरवी-काळी साय धरली होती. सात वह्यांची पाने एकमेकांना अशी चिकटली होती, की सोडवू जाता अक्षरासकट हातात येत.

शेजारचे शेतकरी आबा वडिलांचे विद्यार्थी. ते म्हणाले, "भाऊ, गुरुजींच्या वह्यांपेक्षा माझा कांदा बरा राहिला की हो! तुम्ही त्यांचा श्वासच कोंडलात."

आणि त्यांनी मला त्यांच्या चाळीत नेले. उन्हाळ कांदा चैत्र-वैशाखात निघतो आणि चांगला राखला तर दिवाळीपर्यंत टिकतो. कांद्यात शेकडा ८५ भागांहून अधिक पाणी असते. तो कोंडला तर दोन आठवड्यांत सडायचा. म्हणून आधी तो पातीसकट शेतात सुकवतात, मग मान थोडी ठेवून पात कापतात आणि सावलीत पुन्हा वाळवतात. चाळीचा तळ जमिनीपासून दीड-दोन फूट उंच असतो. तळाला आणि बाजूंना पट्ट्या, आणि पट्ट्यांमध्ये फटी. रुंदी सुमारे ४ फूट आणि ढीग ५ फुटांपर्यंतच, म्हणजे मधल्या कांद्यालाही वारा लागतो. पावसाची झड आली की त्या बाजूला पडदा सोडायचा; उघडीप झाली की लगेच वर करायचा. काजळी धरलेला कांदा दिसला की काढून टाकायचा.

मी मनात ताळा केला, तेव्हा माझ्या तीन चुका स्पष्ट दिसल्या. सादळलेले कागद मी तसेच बांधले, ट्रंक जमिनीवर आणि गार भिंतीला ठेवली, आणि चार महिने ती उघडली नाही. बुरशीचे बीज हवेत सगळीकडे असते, ते कोणी अडवू शकत नाही. त्याला हवी असते ओल. अन्न म्हणून कागद, कातडे आणि बांधणीची खळ आयतीच असते. उबदार हवा ओल धरून ठेवते. रात्री लोखंड गार झाले की तीच ओल थेंब होऊन खाली उतरते. माझ्या प्लॅस्टिकने बाहेरचे पाणी अडवले खरे, पण आतले बाहेर जाऊ दिले नाही. डांबराच्या गोळ्या कसरीसाठी. बुरशीपुढे त्यांचा इलाज नाही.

कोकणातले कोळी हे जाणून आहेत. पावसाळ्यात होडी किनाऱ्यावर ओढतात, तळातले पाणी उपसतात, वरून झापांनी शाकारतात. पाऊस आत येत नाही, पण वारा खेळता राहतो. थंड देशांत हिवाळाभर शिडाच्या बोटी धक्क्याला बांधून ठेवतात, तिथेही शहाणा मालक गाद्या उभ्या करतो, कप्प्यांची दारे उघडी टाकतो आणि वारा जायला झरोके ठेवतो.

तेव्हा गृहिणींनो आणि पुस्तकवेड्या गृहस्थांनो, पुढच्या पावसाळ्याआधी एवढे करा. कपडे, पुस्तके, गाद्या मे महिन्यातच उन्हे देऊन, गार झाल्यावर ठेवा. ट्रंकेखाली विटा द्या आणि भिंतीपासून ती चार बोटे दूर ठेवा. बाहेरची हवा दमट असताना कपाट उघडून लाभ नाही; पण कोरडे ऊन पडले की तासभर सताड उघडा. घरातील आर्द्रता ६० टक्क्यांच्या खाली राहिली तर बुरशी सहसा धरत नाही. ती मोजण्याचे छोटे यंत्र बाजारात मिळते. घर बरेच दिवस बंद राहणार असेल, तर चावी शेजाऱ्याकडे द्या आणि उघडीप पाहून खिडक्या उघडायला सांगा. बुरशी धरलीच, तर वस्तू वेगळी काढा, सावलीत वाऱ्यावर पूर्ण वाळवा आणि मग घराबाहेर, नाकाला फडके बांधून, मऊ कुंचल्याने झटका. ओली असताना पुसू नका, डाग पसरतो. दम्याच्या माणसाने हे काम करूच नये.

वडिलांच्या चौदा वह्या वाचल्या. त्या आता उघड्या फळीवर, सैल उभ्या आहेत, आणि त्यांची नक्कलही करून ठेवली आहे. उरलेल्या सातांतल्या ओव्या कुणाला येतात का, म्हणून मी अजून गावोगाव विचारतो. परवा एका आजीला दोन आठवल्या. तिसरी मात्र अर्ध्यावरच राहिली.